सल्ला हवा: बंद झालेल्या यंत्रमागाच्या भंगारातून शिल्प करायचं आहे

धोटा_कांडी

नमस्कार मंडळी. इचलकरंजीत आमचा यंत्रमागाचा छोटा कारखाना होता. साधे माग आता परवडत नाहीत, म्हणून पप्पांनी शेड भाड्यानं द्यायचं ठरवलं आणि माग भंगारात निघाले. भंगारवाला येऊन वजनाचा भाव सांगून गेलाय. त्यातले दोन माग मी मागून घेतलेत. पप्पांचं म्हणणं एवढंच की तुला काय करायचं ते कर, पण दिवाळीच्या आत शेड मोकळी झाली पाहिजे.

मी हायस्कूलला चित्रकला शिकवते. एटीडी (चित्रकला शिक्षकाची पदविका) करताना मातीकाम आणि प्लास्टर झालं होतं, धातूला कधी हात लावलेला नाही. घरासमोर मोकळी जागा आहे, तिथं माणसाच्या उंचीचं एक उभं शिल्प करावं असं मनात आहे. सध्या डोक्यात मागावर वाकलेला विणकर आहे.

सामान असं आहे: दोन्ही बाजूंच्या जड फ्रेमा, लहानमोठी दातेरी चाकं, क्रँक शाफ्ट, आडवा धागा इकडून तिकडे नेणारे, टोकांना लोखंडी टोप्या असलेले लाकडी धोटे, धोट्यात बसणाऱ्या, सूत गुंडाळायच्या कांड्या पोत्यांनी, विणलेला धागा दाबून बसवणाऱ्या फण्या, ताण्याचे म्हणजे उभे धागे ओवायच्या डोळ्यांच्या तारा, चामड्याचे पट्टे. एका फ्रेमवर कारागीर हात टेकवायचे तिथला रंग पार उडालाय आणि तळहाताएवढी जागा घासून चकचकीत झालीय. ती जागा मला जशीच्या तशी ठेवायची आहे.

वेल्डिंगवाल्याकडून जोडून घ्यावं की स्वतः शिकावं? काय ठेवावं, काय देऊन टाकावं? उन्हापावसात टिकेल का? आणि अशी कामं प्रत्यक्ष कुठं बघायला मिळतील?

उद्यमनगरकर

ताई, आधी एक गोष्ट लक्षात घ्या, कारण बाकी सगळं त्यावर ठरणार आहे. मागाच्या फ्रेमा आणि बहुतेक दातेरी चाकं बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असतात. बीड आणि एमएस (माइल्ड स्टील, साधं पोलाद) दिसायला सारखं वाटतं, पण वेल्डिंगला एकदम वेगळं. एमएसमध्ये कार्बन पाव टक्क्याच्या आत असतो, बिडात दोन ते चार टक्के. नेहमीचा ६०१३ नंबरचा वेल्डिंग रॉड बिडावर मारला तर टाका बसल्यासारखा दिसतो, आणि गार होताना टाक्याच्या शेजारून टण्‌कन आवाज करत चीर जाते. तापलेला भाग आकसतो, बीड ताणाला लवत नाही, ते तुटतं.

ओळखायचं कसं? ग्राइंडर लावून बघा. बिडाच्या ठिणग्या आखूड, लालसर आणि चाकाजवळच विझणाऱ्या. एमएसच्या लांब, पिवळ्या-पांढऱ्या. तुटका तुकडा असेल तर आतला दाणा करडा दिसतो.

बिडाला निकेलचा रॉड मिळतो, पण तो महाग. त्यातही इंच-इंच टाका घ्यायचा, गरम असतानाच हातोडीनं हलकं ठोकायचं, मग पुढचा टाका दुसऱ्या बाजूला, आणि शेवटी सगळं राखेत किंवा चुन्यात पुरून सावकाश गार होऊ द्यायचं. दुसरा मार्ग पितळेनं झाळून घ्यायचा. जुने कारागीर असतील तर ते हेच सुचवतील. आणखी एक अडचण म्हणजे वर्षानुवर्षं तेल पिऊन बीड आतपर्यंत तेलकट झालेलं असतं. वरून कितीही पुसलं तरी वेल्डिंगची उष्णता लागली की तेल बाहेर येतं आणि टाक्यात भोकं पडतात.

तुमच्या कामासाठी मी वेल्डिंग सांगणारच नाही. भोक पाडा आणि नटबोल्ट लावा. बीड ड्रिलला फार छान. ग्राफाइट असल्यामुळे तेल-पाणीही लागत नाही, कोरडंच ड्रिल करा, काळा भुगा पडत राहील. मधे लागेल तिथं एमएस अँगलचा सांगाडा करून घ्या. तो वेल्डिंगचा चालेल, आणि बिडाचे भाग त्याला बोल्टनं धरा.

मातीतला_माणूस

उद्यमनगरकरांनी जोडायचं सांगितलं, मी बघायचं सांगतो.

प्रत्यक्ष बघायचं तर पहिलं नाव चंदीगडचं रॉक गार्डन. नेकचंद सैनी सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होते. चंदीगड वसवताना गावं पाडली गेली. त्यांचा राडारोडा, फुटक्या कपबश्या, टाइल्स, विजेचे सॉकेट, काचेच्या बांगड्या असं सगळं सायकलवरून वाहून नेत त्यांनी १९५७ पासून सरकारी जंगलात गुपचूप काम सुरू केलं. अधिकाऱ्यांना ते कळलं १९७५ च्या सुमारास. नियमानं ते सगळं पाडायलाच हवं होतं, पण लोक पाठीशी उभे राहिले. १९७६ मध्ये बाग लोकांसाठी खुली झाली आणि नेकचंदना पगार आणि मजूर देऊन त्याच कामावर नेमलं. १९८४ साली पद्मश्री मिळाली. २०१५ मध्ये ते गेले. तिथं गेलात तर बांगड्यांच्या तुकड्यांनी मढवलेल्या बायकांच्या रांगेपाशी थांबा. एकेक मूर्ती अगदी साधी, नाकडोळेसुद्धा जेमतेम. पण तुकडे लावलेत त्या दिशेनं पदर वळलेला दिसतो. शिक्षक म्हणून तुम्हाला ते खूप देईल.

आता माझं मत. भंगाराच्या शिल्पात दोन वाटा आहेत. एकीत आकृती आधी ठरते आणि भंगार भरावासारखं वापरतात. घोडा ठरवायचा, सांगाडा करायचा आणि बेअरिंग, चेन, स्पॅनर चिकटवत जायचं. दुसरीत वस्तू हातात घेऊन ती काय व्हायला बघतेय ते शोधायचं. पिकासोचं १९४२ चं बैलाचं डोकं फोटोत नक्की बघा. सायकलची सीट आणि हँडल, बस. दोन्ही वस्तू पूर्ण ओळखू येतात आणि बैलही पूर्ण दिसतो. तुम्ही विणकराची आकृती ठरवून बसलात तर मागाचे भाग नुसते मांस भरायला जातील. त्या फ्रेमेला स्वतःचा खांदा आहे, कमान आहे. ती उभी करून आठवडाभर नुसती बघा आणि मग ठरवा.

यमुनाकाठी

वरच्या प्रतिसादाशी अर्धी सहमत. दिल्लीत सराय काले खाँला वेस्ट टू वंडर नावाची बाग आहे, २०१९ मध्ये उघडली. जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती आहेत, सगळ्या महापालिकेच्या भंगारातून, सुमारे १५० टन. मातीतला_माणूस यांच्या हिशोबानं ती पहिल्या वाटेची कामं. पण मुलांना घेऊन गेले तर मुलं प्रत्येक खांबापाशी थांबून हा क्लच प्लेट, हा पाइप, ही बाकाची जाळी असं ओळखत होती. ती ओळखायची मजा कमी लेखू नये. चित्रकलेच्या बाईंना तर ती हवीच असेल. संध्याकाळी जा, दिवे लागल्यावर जास्त छान दिसतं.

मातीतला_माणूस

@यमुनाकाठी, मुलांचं अगदी खरं. ती बाग बघू नका असं माझं म्हणणं नाही. पण तिथं क्लच प्लेटच्या जागी दुसरं काही बसवलं असतं तरी मनोरा तोच राहिला असता. दिल्लीच्या भंगारातून आणि इचलकरंजीच्या मागातून सारखंच शिल्प निघालं तर मागाचा उपयोग काय?

याचं उलट उदाहरण म्हणजे मोझांबिक. तिथलं यादवी युद्ध १९९२ मध्ये संपलं, आणि १९९५ पासून चर्चच्या पुढाकारानं लोकांनी लपवलेल्या बंदुका आणून द्यायच्या आणि बदल्यात कुदळी, शिलाई मशिन, सायकली घ्यायच्या असा उपक्रम चालला. त्या निकामी केलेल्या बंदुकांतून केस्टर या कलावंतानं २००१ मध्ये एक खुर्ची केली, ती आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पाठ, हात, पाय, सगळ्या बंदुका, आणि एकही झाकलेली नाही. बंदूक ओळखू आली नाही तर त्या खुर्चीत काही उरत नाही.

धोटा_कांडी

खूप आभार सगळ्यांचे. उद्यमनगरकर दादा, आज ग्राइंडर लावून बघितला, ठिणग्या लाल आणि आखूडच. शाफ्टच्या मात्र लांब आल्या. म्हणजे फ्रेमा आणि चाकं बीड, शाफ्ट पोलाद.

विणकर डोक्यातून काढायला जड जातंय, पण फ्रेम भिंतीला उभी करून ठेवलीय. येताजाता बघते. पप्पा पण बघतात, काही बोलत नाहीत.

कांड्यांचं काय करू? पोत्यांनी आहेत आणि टाकवत नाहीत.

निळी_शाई

कांड्या, फण्या आणि त्या डोळ्यांच्या तारांसाठी एल अनात्सुई यांचं काम बघा. जन्म घानाचा, १९४४ चा, आयुष्य गेलं नायजेरियात न्सुक्का विद्यापीठात शिकवण्यात. दारूच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची झाकणं आणि गळ्याच्या पट्ट्या चपट्या करायच्या, भोकं पाडायची आणि तांब्याच्या तारेनं एकमेकांना ओवायच्या. हजारो तुकड्यांचा भिंतभर पडदा होतो. तो घडी करून नेता येतो आणि दर वेळी वेगळ्या चुण्या पाडून टांगता येतो. त्यांच्या घरात केंटे हे घानाचं पारंपरिक कापड विणणारी माणसं होती. २०१५ च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कला प्रदर्शनात त्यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह मिळाला.

तुमच्याकडे ओवायला तयार भोक असलेल्याच वस्तू आहेत. कांडी आरपार पोकळ असते, तारेच्या मधोमध डोळा असतो. बाहेरचं शिल्प लोखंडाचं राहू दे आणि लाकूड-तारेचं एक वेगळं काम घरातल्या भिंतीवर करा. त्याला वेल्डिंग नको, कुणी मदतनीस नको, शाळेतली मुलंसुद्धा ओवायला बसतील. दोन कामांचा एकच ढीग करू नका असं मला मनापासून वाटतं.

सागरतीर

निळी_शाई यांना पाठिंबा, आणि त्याला कारण टिकाऊपणाचंही आहे. मी रत्नागिरीला राहतो, लोखंड गंजताना रोज बघतो. उघड्यावरच्या शिल्पात लाकूड लोखंडाला चिकटून ठेवलं की पावसाचं पाणी मधे अडकतं. लाकूड कुजतं आणि त्याच्या आड लोखंड सगळ्यात आधी जातं. धोटे बाहेर लावायचेच असतील तर मधे वॉशर घालून बोटभर फट ठेवा आणि लाकडाला डबल बॉइल (जवसाच्या) तेलाचे हात द्या, दर उन्हाळ्यात पुन्हा.

लोखंडासाठी: आधी रॉकेलनं आणि तारेच्या ब्रशनं तेल-मळी काढा. सुटा गंज निघाला पाहिजे, घट्ट बसलेला तपकिरी थर राहिला तर राहू दे. त्यावर फॉस्फोरिक आम्ल असलेलं गंजरोधक मिळतं, ते लावलं की गंजाचा थर काळा पडून स्थिर होतो. मग पारदर्शक पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचा हात. तुम्ही जी घासलेली चकचकीत जागा म्हणताय तिच्यावर हे काळं करणारं रसायन अजिबात लागू देऊ नका, ती चिकटपट्टीनं झाकून घ्या. तिथं नुसतं मेण, चार-सहा महिन्यांनी पुन्हा घासायचं. पीयू कितीही चांगला असला तरी उन्हानं काही वर्षांत सुटतो, तेव्हा दर पावसाळ्याआधी एकदा हात फिरवून बघायचा नेम ठेवा.

पितळ किंवा तांबं थेट लोखंडावर बोल्ट करू नका. ओल मिळाली की त्या जोडाशी लोखंड लवकर खातं. मधे रबराची चकती घाला. आणि जिथं जिथं खोलगट वाटी होते, कमानीत, चाकाच्या आतल्या बाजूला, तिथं खालून पाणी निघायला छोटं भोक पाडा. हे लोक विसरतात.

सुरक्षा_प्रथम

कारखान्यांच्या सुरक्षा विभागात काम करतो, म्हणून थोडं सविस्तर. ताई स्वतः वेल्डिंग करोत किंवा शेजारी उभ्या राहोत, हे वाचाच.

जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा पाइप सांगाड्याला वापरू नका. जस्त ९०७ अंशांना उकळतं, वेल्डिंगचा आर्क त्याच्या कितीतरी वर. पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की काही तासांनी, बहुधा घरी गेल्यावर, तोंडाला धातूची चव, थंडी, ताप, अंगदुखी. एक-दोन दिवसांत उतरतं म्हणून माणसं त्याला फ्लू समजतात आणि पुन्हा तेच करतात. वेल्डिंगवाले सांगतील दूध पिऊन या, गूळ खा. दूध पोटात जातं, धूर फुप्फुसात. त्याचा काही उपयोग नाही. मुलामा घासून काढा, उघड्यावर काम करा, वाऱ्याकडे पाठ करून उभं राहू नका. तसं केलं तर धूर आपल्या पुढ्यातच घुटमळतो, वारा कुशीवर हवा.

सांगाड्याला सामान कमी पडलं म्हणून भंगारातून आणखी काही आणाल तर गाडीचे शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर) आणू नका. आत दाबाखाली तेल आणि वायू असतो, तापवलं किंवा कापलं तर फुटतात. बंद बेअरिंग, बंद पाइप, कुठलाही रिकामा ड्रम किंवा पेट्रोलची टाकी, सगळ्यांना तोच नियम. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा घातक, कारण आत वाफ असते. जुन्या ब्रेक आणि क्लचच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते घासू नका. क्रोमच्या मुलाम्याचा धूरही वाईट. मागाचा जुना रंग ग्राइंडरनं उडवू नका, त्यात शिसं असू शकतं. ओला करून खरवडा आणि खरवड गोळा करा, अंगणात सोडू नका.

वेल्डिंगच्या आर्कचा झगझगीत उजेड डोळ्यांना लागला तर लगेच काही कळत नाही. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, पाणी थांबत नाही. बटाट्याच्या चकत्या ठेवून बसू नका, डॉक्टरांकडे जा. बघणाऱ्यांनाही लागतो, त्यामुळे मुलांना लांब ठेवा. काच दहा किंवा अकरा नंबरची, कपडे सुती आणि पूर्ण बाह्यांचे. नायलॉनची साडी, ओढणी, पॉलिस्टरचा पंजाबी ड्रेस नको. ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं.

पेठेतला

काही भाग कमी पडले तर पुण्याला या. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात फिरा, आणि नटबोल्ट, चकत्या, चेन, कप्प्या यांसाठी रविवार पेठेत बोहरी आळी. भंगारवाल्याशी बोलताना एक करा: काय करणार ते मोकळेपणानं सांगा, आणि ढीग उपसायची परवानगी मागा. वजनाच्या भावापेक्षा थोडं वर द्या. त्यांना वजन समजतं तसा आकारही समजतो. पुढच्या वेळी ते स्वतःच वेगळं काढून ठेवतात.

खडीसाखर

मुंबईला येणं झालं तर फोर्टमधली राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची इमारत बघा. ती कला-संग्रहालय व्हावी म्हणून खटपट करणाऱ्यांत शिल्पकार पिलू पोचखानावाला होत्या. १९२३ ते १९८६. शिल्पकलेचं रीतसर शिक्षण नसताना त्या काळात एक बाई धातूचे तुकडे जोडून, वेल्डिंग करून शिल्पं करत होती. त्यांच्या कामांचे फोटो शोधा. माणसाची आकृती आहे का नाही असं वाटत राहतं, आणि तरी ती उभी असते. तुमच्या विणकराच्या प्रश्नाला तिथं उत्तर सापडेल असं मला वाटतं.

जुना_वाडा

मला जरा वेगळं म्हणायचं आहे, रागावू नका. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी आणला. त्यावर अख्खं गाव उभं राहिलं. आता साधे माग टनावारी वितळायला चाललेत. दहा-वीस वर्षांनी चालू स्थितीतला एक माग दाखवायचा म्हटलं तर मिळणार नाही. दोन आहेत तर एक अख्खा ठेवा ना. शिल्प एकाचं करा.

धोटा_कांडी

जुना_वाडा, रागावण्यासारखं काही नाही, तुमचं वाचून पप्पांनाच दाखवलं. ते पहिल्यांदा बोलले. म्हणाले, डावीकडचा माग चांगला आहे, त्याला हात लावू नको, मी तेल घालून ठेवतो. शेडच्या मागं पत्र्याची पडवी आहे, तिथं तो राहील. हायस्कूलची मुलं बघायला आणता येतील.

दुसऱ्याचं शिल्प, आणि तेही न कापता. उद्यमनगरकर दादांनी बोल्ट सांगितले ते आता दुहेरी पटलं. कुठलाच भाग तोडायचा नाही, शक्य तिथं मागाला आहेत त्याच भोकांतून बोल्ट घालायचे. विणकर काढून टाकलाय. दोन फ्रेमा एकमेकींकडे किंचित झुकवून, मधे शाफ्ट आडवा, आणि शाफ्टवर फक्त फण्या उभ्या. चकचकीत जागा छातीच्या उंचीला येईल, येणाऱ्याचा हात आपोआप तिथं जाईल अशी. निळी_शाई, कांड्या आणि तारा घरात, भिंतीवर. ओवायला सुरुवातही केली.

आता शेवटचा प्रश्न: एवढं वजन उभं कसं करायचं आणि पडणार नाही याची खात्री कशी?

उद्यमनगरकर

हे झकास झालं. सोडवण्याआधी प्रत्येक भागाचा फोटो काढा आणि रंगाच्या पेननं नंबर घाला. जाम नट हातोडीनं ठोकू नका, बिडाचे कान तुटतात. रॉकेल आणि ऑइल मिसळून सोडा, रात्रभर भिजू द्या, मग लांब पान्यानं. फ्रेमेवर कारखान्याचं नाव ओतलेलं असेल तर ती बाजू पुढं घ्या.

उभं करायला चेन कप्पी आणि तिकटी भाड्यानं मिळेल. माणसं लावून उचलू नका, फ्रेम घसरली तर पाय जातो. झुकवलेल्या फ्रेमा म्हणजे वजन मधोमध नाही, तेव्हा पाया फ्रेमेच्या पायापेक्षा सगळीकडून फूटभर मोठा, सळई घालून, जमिनीच्या वर वीतभर, म्हणजे पाणी साचणार नाही. काँक्रीट ओतायच्या आधी प्लायवुडवर फ्रेमेच्या भोकांचा छाप काढा, त्यात जे-बोल्ट अडकवा आणि छापासकट ओता. नंतर ड्रिल करून बोल्ट बसवायला गेलात तर एकही भोक जुळत नाही. पंधरा दिवस पाणी मारा, मगच वजन चढवा. नटाखाली जाड चकत्या, आणि चार नट एकदम आवळू नका, समोरासमोरचे थोडे थोडे. बिडाला एका कोपऱ्यात ताण दिला की कान गेला.

बसवायच्या दिवशी कळवा, कोल्हापुराहून कप्पी घेऊन मीच येतो.